काळ, काम, वेग आणि सोलापूर

मी रत्नागिरीजवळच्या एका शाळेत गणित शिकवते. 'काळ, काम, वेग' हा धडा आला की 12 मजूर एक भिंत 8 दिवसांत बांधतात, मग 16 मजूर लावले तर किती दिवस, हे दरवर्षी फळ्यावर येतंच. उत्तर 6. भिंत कसली, मजूर कुठले, 16 माणसं एका भिंतीपाशी उभी तरी राहतील का, याच्याशी गणिताला देणंघेणं नसतं. गणितातले सगळे मजूर एकाच वेगाने हात चालवतात, कुणाची पाठ धरत नाही, एकही वीट कुणी नाकारत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, गणिताला तसंच चालावं लागतं. पण ज्या कामाचे पैसे नगावर मिळतात ते काम एकदा जवळून बघायचं मनात होतं. आमच्याकडे मासळी, आंबा आणि मुंबईहून येणारी मनिऑर्डर (आता ती मोबाइलवर येते एवढंच). काजू सोलायला बायका जातात, तेही किलोवर.

बी.एड.च्या वर्गातली माझी एक मैत्रीण सोलापूरची. पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातली, घरात तेलुगू. आई विड्या वळते, मामा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आहे. "ये एकदा, तुला कामच काम दाखवते," असं ती कधीची म्हणत होती. डिसेंबरच्या सुरुवातीला रजा टाकली आणि निघाले.

शुक्रवार

एसटीने आंबा घाट चढला की आमचा जांभा दगड मागे पडतो. कोल्हापूर, मिरजेपर्यंत ऊस सोबतीला असतो. सांगोल्याच्या पुढे मात्र आभाळ एकदम मोठं होतं, झाडं विरळ होतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन लागते. कोकणातल्या माणसाला इथे आधी बिचकायलाच होतं, कारण नजर अडवायला काही नसतं.

मंगळवेढ्याच्या आसपास शाळू पोटऱ्यात आला होता. हा ज्वारीचा मुलूख. मालदांडी ज्वारी इथलीच, तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. शेजारी बसलेल्या आजींना मी विचारलं, एवढ्या पिकाला पाणी कुठून देता? त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "पानी कुटलं? पावसाची वल धरून ठेवती की जमीन. वरनं दव." शाळू पेरतात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पाऊस संपत आल्यावर, आणि काळ्या मातीने साठवलेल्या ओलीवर पीक निघतं. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेऊनही एप्रिलमध्ये टँकर बोलावणाऱ्या जिल्ह्यातून मी आले होते. आजींना ते सांगितलं नाही.

सोलापूरला उतरले तेव्हा अंधार पडला होता. मैत्रिणीचं घर शहराच्या पूर्व भागात, एका बोळात. दारातच तिने सांगितलं, "आज पाणी आलंय. काय धुवायचं असेल ते आत्ताच काढ." शहराला मुख्यतः उजनीचं पाणी येतं, शंभरेक किलोमीटर लांबून, पाइपातून. धरण भलंमोठं, 117 टीएमसीचं; पण नळाला पाणी रोज येत नाही, मध्ये चार-पाच दिवस जातात. त्यामुळे त्या घरात आठवडा वारांनी मोजत नाहीत. "पाण्याच्या दुसऱ्या दिवशी ये," असा बोलण्यात उल्लेख येतो आणि सगळ्यांना कळतो.

मैत्रिणीची मुलगी पाचवीत. ती आजीशी तेलुगूत, माझ्याशी मराठीत, दारावरच्या भाजीवाल्या मावशींशी कानडीत आणि रिक्षावाल्या चाचांशी त्यांच्या हिंदीत बोलते, आणि चारही ठिकाणी वाक्याला 'बे' लावते. "जेव की बे मावशी," असं मला पहिल्याच रात्री ऐकवण्यात आलं. शाळेत तिच्या दाखल्यावर एकच मातृभाषा लिहिलेली आहे. बाकीच्या तिन्हींचे मार्क कुठेच धरले जात नाहीत.

शनिवार

सकाळची शाळा. मैत्रिणीच्या आठवीच्या वर्गात मागे जाऊन बसले. अर्ध्याहून जास्त मुलांच्या घरी विड्या किंवा यंत्रमाग. तिने मला एक तास दिला, तेव्हा मी फळ्यावर विड्यांचंच गणित घातलं: एक बाई दिवसाला 800 विड्या वळते, दुसरी 600, तर दोघी मिळून 7000 विड्या किती दिवसांत वळतील?

उत्तर 5 यायला अर्धं मिनिट पुरे. पण कुणी वहीच उघडली नाही. "बाई, पान कुठलं?" एक मुलगी म्हणाली. दुसरी म्हणाली, "छाट काढून 7000 की छाटसकट?" तपासणीत नाकारल्या जाणाऱ्या विड्या म्हणजे छाट, हे मला त्या वेळी तिनेच समजावलं. मग एका मुलाने मूळ हरकत घेतली. दोघी बसल्या म्हणून विड्या वाढत नाहीत, कारखाना पान-तंबाखू देणार एका पुस्तकावर, म्हणजे कामगाराच्या नोंदवहीवर, तेवढीच. त्याच्या घरी सुट्टीच्या दिवशी आई आणि ताई दोघी बसतात, तेव्हा काम लवकर संपतं, एवढंच.

शाळेत हा प्रश्न 'दिलेली माहिती अपुरी आहे' या सदरात मोडतो. माहिती अपुरी आहे हे ओळखणं मी वर्षभर शिकवते आणि वार्षिक परीक्षेत निम्म्यांना ते येत नाही.

दुपारी मामांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांच्या कारखान्यात नेलं. आत शिरल्यावर पहिल्यांदा आवाज अंगावर येतो. पन्नासेक माग एका छपराखाली, त्यातले बरेच जुने, धोट्याचे (धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारी लाकडी होडी). बोलणं अशक्य, म्हणून कामगार हातवाऱ्यांनी बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला, मूठ फिरवली की कांडी संपत आली. मामांनी मला एका मागापुढे उभं केलं आणि कानाशी ओरडून टॉवेल समजावला.

टॉवेलवर ते जे सुताचे छोटे फासे असतात, ते येतात कुठून? मी आजवर समजत होते की वरून काही तरी शिवत असतील. तसं नाही. मागाला उभ्या धाग्यांचे, म्हणजे ताण्याचे, दोन बीम असतात. एकाचा ताणा घट्ट ओढलेला, तो टॉवेलचा पाया. दुसऱ्याचा सैल सोडलेला. धोटा आडवा धागा, म्हणजे बाणा, टाकत जातो. पहिले दोन बाणे फणी पूर्ण पुढे ठोकत नाही, थोडं अंतर ठेवून सोडते. तिसरा बाणा पडला की फणी तिन्ही मिळून एकदम पुढे ढकलते. घट्ट ताण्यावरून ते घसरत पुढे जातात, सैल ताणा मात्र त्यांच्याबरोबर ओढला जातो आणि त्याचे फासे वर-खाली उभे राहतात. झाला टॉवेल. दर तीन बाण्यांना एक ओळ. त्यामुळे सैल ताण्याचं सूत टॉवेलच्या लांबीच्या कितीतरी पट लागतं, आणि किती पट ते ठरवलं की टॉवेल किती जाड, किती पाणी पिणार, किती महाग, हे सगळं ठरतं. ते गुणोत्तर मामांच्या डोक्यात असतं. त्यांचं शिक्षण सहावी.

जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. मामा बोळातून चालत जातात आणि मध्येच थांबतात. पन्नास मागांच्या गदारोळात एकाचा ठोका किंचित मागेपुढे झालेला त्यांना कळतो. मला दोनदा दाखवूनही फरक ऐकू आला नाही. पण उलट बाजूही आहे: बाहेर चहाच्या टपरीवर आलो तेव्हा मामांना चहावाल्याचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं. तीस-बत्तीस वर्षं या आवाजात काढल्यावर कान तेवढेच उरतात, मागापुरते. कारखान्यात मला कुणाच्याच कानात बोळा दिसला नाही.

तिथून चादरीच्या कारखान्यात. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पण मला बघायचं होतं ते जेकार्ड. मागाच्या डोक्यावर एक मोठा सांगाडा, त्यातून शेकडो दोऱ्या खाली आलेल्या, आणि बाजूला पुठ्ठ्याच्या कार्डांची दोरीने ओवलेली लांबच लांब माळ. दर बाण्याला एक कार्ड पुढे सरकतं. कार्डावर जिथे भोक, तिथला हूक वर जातो आणि त्याचा धागा उचलला जातो. जिथे भोक नाही, तिथला धागा खालीच राहतो. चादरीवरचा मोर म्हणजे अशा हजारो 'हो' आणि 'नाही' यांची बेरीज. फ्रान्समध्ये जोझेफ मारी जेकार्ड याने 1804 च्या सुमारास हे यंत्र जमवलं. पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात हीच भोकांची कार्डं घेतली, आणि 1890 ची अमेरिकेची जनगणना होलेरिथच्या भोकांच्या कार्डांवर मोजली गेली. आम्ही संगणकाच्या इतिहासात हे दोन ओळींत उरकतो. माझ्या वर्गातल्या कुणीही, मी धरून, असं कार्ड कधी हातात घेतलेलं नव्हतं.

कार्डं पाडणारे काका सत्तरीचे. आधी आलेख कागदावर नक्षी रंगवतात, एक चौकोन म्हणजे एक धागा, मग ओळ वाचत वाचत भोकं पाडतात. आता बहुतेक काम संगणकावर होतं, नवीन जेकार्डला कार्ड लागत नाही, पेन ड्राइव्ह लागतो. काकांच्या कपाटात मात्र अजून जुन्या नक्षीच्या माळा टांगलेल्या आहेत. मी विचारलं, एक भोक चुकलं तर? "मोराच्या मानेवर डाग पडतो. एकदा नाही, जितक्यांदा मोर येईल तितक्यांदा." मग चूक शोधायची कशी? "चादर उलटी करायची." जेकार्डच्या चादरीत दोन्ही बाजूंना तीच नक्षी, रंग अदलाबदल केलेले. जी चूक एका बाजूने नजरेतून सुटते ती दुसऱ्या बाजूच्या रंगात उठून दिसते. ताळा करण्याची ही पद्धत मी आहे तशी उचलणार आहे.

रात्री मैत्रिणीच्या मुलीच्या पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड बघताना गंमत वाटली. काळा चौकोन, पांढरा चौकोन. भोक आहे, भोक नाही. पुस्तकांत हे कोड आणण्याचा प्रयोग याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी केला. पुढे ते राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आले. डिसले गुरुजींना 2020 चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. हे मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "माहितंय. आमच्या बाईंनी तीनदा सांगितलंय."

रविवार

कामाला सुट्टी, म्हणून हत्तरसंग कुडलला गेलो. शहराच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटर, भीमा आणि सीनेचा संगम. दोन जुनी देवळं, चालुक्यांच्या काळातली. संगमेश्वराच्या देवळात तुळईवर मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक आहे, शके 940 चा, म्हणजे इ.स. 1018. तो उजेडात आणला सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी. त्यातल्या शेवटच्या ओळीचा अर्थ असा लावतात की जो हे वाचील तो विजयी होईल. मुलीने मान वर करून बराच वेळ बघितलं. "मला वाचता येईना. म्हणजे मी हरले का बे?"

आवारात एक मोठं शिवलिंग आहे, त्यावर लहान लहान मुखं कोरलेली, एकूण 359. मुलगी एक ओळ मोजून बाकीच्यांना गुणायला निघाली. तिला म्हटलं, जमायचं नाही. 359 ही मूळ संख्या आहे, सारख्या ओळींत बसणारच नाही. कुठे तरी एक मुख कमी-जास्त असायला हवं. मग ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली आणि आम्ही दोघी झाडाखाली बसून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. कडक भाकरीबद्दल एकच सांगते: आमच्याकडे तांदळाची भाकरी दुपारी केली की रात्री शिळी म्हणतात. ही महिनाभर टिकते. चटणीतला तेलाचा ओलावा वरून घातलेला नसतो, उखळात शेंगदाणे कुटता कुटता सुटलेला असतो, असं मैत्रिणीने सांगितलं. मिक्सरमध्ये केलेली चटणी तिच्या घरात चटणी धरत नाहीत.

संध्याकाळी सिद्धेश्वराच्या देवळात. तळ्याच्या मधोमध देऊळ, पलीकडे भुईकोट किल्ला. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन हे तळं खोदलं. शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या, परंपरेत हातांनी केलेल्या कामाला, कायकाला, पूजेचं स्थान. सिद्धराम स्वतः तळी खोदत आणि कानडीत वचनं रचत. जानेवारीत संक्रांतीला इथे गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरतो, नंदीध्वजांची मिरवणूक निघते. त्याची तयारी आत्तापासूनच चालू होती. कायकाची कल्पना मला आवडते, पण मैत्रिणीचा त्यावरचा शेरा लिहून ठेवते: "पूजा आहे ना, मग पुजाऱ्याएवढी दक्षिणा पण दे म्हणावं."

सोमवार

हा दिवस अम्मांचा. अम्मा म्हणजे मैत्रिणीची आई, साठीच्या. आठव्या वर्षी आईशेजारी बसून शिकल्या, असं त्या सांगतात. शिकवलं कुणी नाही, बघितलं.

सकाळी विड्या द्यायला कारखान्यात. मी बरोबर. खिडकीपुढे बायकांची रांग, प्रत्येकीच्या टोपलीत कट्टे. एका कट्ट्यात 25 विड्या, 40 कट्टे म्हणजे हजार, आणि मजुरी हजारावर. तपासणारा माणूस कट्टा उचलतो, दाबतो, एखादा सोडून बघतो आणि ज्या विड्या पसंत पडत नाहीत त्या बाजूला काढतो. छाट. त्याचे पैसे नाहीत आणि विड्या परतही मिळतीलच असं नाही. अम्मांच्या त्या दिवशी 30 छाट निघाल्या. का, ते त्यांनी विचारलं नाही. रांगेतल्या एकीने विचारलं, तर तिच्या अजून दहा गेल्या.

मग तंबाखू आणि पान घ्यायचं. इथे खरं गणित आहे आणि ते अम्मांनी मला परतीच्या वाटेवर समजावलं. तेंदूचं पान मिळतं वजनावर, विड्या द्यायच्या मोजून. पान दमट असलं तर वजन भरतं, पण संख्या भरत नाही. फाटकं, भोकाचं पान निघालं तर त्यातून विडी निघत नाही. हजाराला म्हणून दिलेल्या पानांत आठशे-साडेआठशेच बसल्या तर उरलेलं पान बाजारातून पदरच्या पैशाने आणायचं, कारण विड्या हजारच द्याव्या लागतात. म्हणजे मजुरीतून वजा काय होणार ते पानाचा पुडा उघडेपर्यंत कळत नाही. अम्मांनी पुडा हातात घेऊन नुसता दाबला आणि म्हणाल्या, "पन्नास-साठ कमी पडतील." संध्याकाळी 54 कमी पडल्या.

घरी येऊन कामाला बसल्या. भिजवून मऊ केलेली पानं, त्यावर लोखंडी फर्मा ठेवून कात्रीने कापायची. देठ, शिरा काढायच्या. मग मांडीवर सूप. पानाचा तुकडा, चिमूटभर तंबाखू, दोन्ही हातांची बोटं एकदा वळतात, एका पातळ पट्टीने तोंड मुडपलं जातं, खाली दोऱ्याचे दोन वेढे. मी घड्याळ लावून बघितलं, मिनिटाला तीन, कधी चार. बोलणं चालू, टीव्ही चालू, नजर दुसरीकडे. पंचवीस झाल्या की हात आपोआप कट्टा बांधायला वळतो. मी सात-आठ कट्टे सोडून मोजले. प्रत्येकात 25.

मीही बसले. माझ्या विडीला अम्मांनी काय म्हटलं ते तेलुगूत होतं आणि कुणी त्याचं मराठी करून दिलं नाही.

माझ्या वहीत त्या दिवशीची वजाबाकी अशी आहे. दहाला बसल्या. साडेअकराला भाजी. बाराला शेजारची पैसे मागायला आली, त्यात वीस मिनिटं. दोनला वीज गेली, पण अंधारातही हात चालू होते, फक्त पान कापणं थांबलं. साडेतीनला खांदा भरून आला म्हणून भिंतीला टेकल्या. पाचला नात शाळेतून आली. आठ वाजता मोजल्या तेव्हा सहाशेच्या जरा वर. "पूर्वी हजार व्हायच्या," अम्मा म्हणाल्या. "पाण्याच्या दिवशी चारशे. लग्न असलं की शून्य."

दिवसभर तंबाखूची बारीक धूळ खोलीत असते. मला तासाभरात शिंका सुरू झाल्या. अम्मांचा खोकला घरातल्या कुणाला वेगळा ऐकूच येत नाही.

विडी कामगारांसाठी 1966 चा कायदा होता (2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली), 1976 चा कल्याण निधीचा कायदा आहे, मुलांना शिष्यवृत्ती आहे, मैत्रिणीचं बी.एड. त्या शिष्यवृत्तीवर आणि अम्मांच्या कट्ट्यांवर झालं. शहराबाहेर कुंभारीला विडी कामगारांची 10,000 घरांची वसाहत उभी राहिली, गोदूताई परुळेकरांच्या नावाची. हे सगळं इथल्या बायकांनी मोर्चे काढून, वर्षानुवर्षं भांडून मिळवलेलं आहे. अम्मा त्या मोर्च्यांना जायच्या. "त्या दिवशी पण शून्य," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

रात्री गच्चीवर मी मैत्रिणीजवळ अम्मांच्या हातांचं फार कौतुक केलं. पुडा दाबून पन्नास-साठचा अंदाज, न मोजता पंचवीस, हे कुठल्या अभ्यासक्रमात बसवता येईल, असं काहीबाही. ती थोडा वेळ ऐकून घेत होती. मग म्हणाली, "दहावीपर्यंत मी पण वळल्या. पुस्तक भिंतीला टेकवून ठेवायचं, पान उलटायला अम्माला सांगायचं, कारण माझ्या हाताला तंबाखू. तुला ती कला दिसते. मला अजून वास आला की नववीची सहामाही आठवते." अम्मा नातीला सुपाला हात लावू देत नाहीत, हे माझ्या त्यानंतर लक्षात आलं. संध्याकाळी पोरीने गंमत म्हणून एक पान उचललं होतं, तर अम्मांनी तिच्या हातावर चापट मारून अभ्यासाला बस म्हटलं होतं. मला मात्र त्यांनी हौसेने वळायला दिलं. मी पाहुणी होते.

मंगळवार

दुपारची गाडी होती. सकाळी चादर घ्यायला गेलो. दुकानदाराने आधी स्वस्तातली काढली, मग मैत्रिणीने तेलुगूत काही तरी सुनावल्यावर आतून दुसरी आणली. बाहेरून आलेला माल सोलापुरी म्हणून विकतात, अशी इथे प्रत्येकाची तक्रार आहे. मी घडी उलगडून उलटी बाजू तपासायला लागले तेव्हा दुकानदाराने विचारलं, "बाई, कारखान्यात होता का कुठल्या?" आजवर माझ्या गणिताला मिळालेली ही सर्वांत चांगली दाद.

निघताना शेजारची मुलगी आली, शनिवारच्या वर्गात छाटीचा प्रश्न विचारणारी. तिला एनएमएमएसची परीक्षा द्यायची आहे. आठवीत ती पास झालं की नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. तिच्या आईच्या किती हजार विड्या होतात हे तिने आधीच काढून ठेवलं होतं. तिने विचारलं, "बाई, तुमच्याकडं काळ-काम-वेगाची जास्तीची गणितं हायत का? भिंतीची, हौदाची, तसली. विड्यांची नको."

मी म्हटलं, छाट धरायची नाही त्यात, चालेल?

"तसंच पाहिजे बाई. तसल्याचेच मार्क देतात."

रत्नागिरीला पोचल्यावर गुरुवारी एसटीच्या पार्सलने पाठवली: मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका, माझ्या टाचणवहीतल्या भिंती, हौद, नळ आणि आगगाड्या यांच्या झेरॉक्स, आणि अम्मांसाठी दोन किलो काजूगर. ते आमच्याकडच्या बायकांनी सोललेले, किलोवर.